रोज सकाळी चुकणारं घड्याळ: सेल बदलण्याआधी मिनिटांकडे बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरचा डेस्कटॉप, वय साधारण सहा वर्षं. रात्री काम संपलं की शटडाउन करून भिंतीवरचं बटणही बंद करतात. सकाळी सुरू केला की कधी घड्याळ आदल्या रात्रीच्या वेळेवर अडकलेलं असतं, तर कधी थेट काही वर्षांपूर्वीची १ जानेवारी दिसते. ब्राउझर कुठलीच साइट नीट उघडत नाही. विंडोजमध्ये 'इंटरनेटवरून वेळ घ्या' चालूच आहे. हाताने वेळ लावली की दिवसभर बिनचूक चालतं आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. एकाने सांगितलं व्हायरस आहे, फॉरमॅट मारा. दुसऱ्याने सांगितलं मदरबोर्ड गेला.

फॉरमॅट करू नका आणि मदरबोर्डही बदलू नका. हे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. तुमच्या लक्षणांवरून शंभरातल्या नव्वदांपेक्षा जास्त वेळा मी न बघताच 'सेल' म्हणेन, म्हणजे मदरबोर्डवरचा छोटा बटण-सेल. पण उरलेल्या वेळा मी स्वतः फसलेलो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझ्याकडे घड्याळाची तक्रार आली की मी पहिलं वाक्य ठरलेलं बोलतो: वेळ दुरुस्त करू नका, आधी चूक लिहून ठेवा. घड्याळ किती चुकलंय आणि कधी चुकलं, या दोन गोष्टींत सगळं निदान असतं. माणूस मात्र घाईघाईने वेळ लावून मोकळा होतो आणि पुरावा पुसला जातो.

त्यातही आधी मिनिटांकडे बघा. मिनिटं बरोबर आणि तास चुकलेला असेल, किंवा फरक नेमका अर्ध्या तासाच्या पटीत असेल (जसं साडेपाच तास), तर घड्याळ ठणठणीत आहे. चुकलाय तो टाइम झोन किंवा उन्हाळी वेळेचा हिशेब (काही देश उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात). मिनिटं वेडीवाकडी चुकलेली असतील, तर घड्याळ खरोखरच थांबलंय किंवा सरकलंय. बरोबर बारा तासांचा फरक असेल तर कुणीतरी वेळ लावताना एएम-पीएमची गल्लत केलेली असते. ही चूक लवकर कळत नाही, कारण बारा तासांच्या घड्याळात आकडे बरोबरच दिसतात. 'माझ्या कॉम्प्युटरची तारीख दुपारी बदलते' असं कुणी सांगितलं की मी पुढचं काही विचारत नाही.

आता तुमच्या केसबद्दल. कॉम्प्युटरमध्ये घड्याळं दोन असतात, हे कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं. एक मदरबोर्डवरचं, ज्याला आरटीसी म्हणतात. मनगटी क्वार्ट्झ घड्याळात असतो तसाच सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा स्फटिक त्याला असतो. हा आकडा विचित्र वाटतो, पण तो पंधरा वेळा निम्मा करत गेलं की बरोबर १ उरतो, म्हणजे सेकंदाला एक ठोका. दुसरं घड्याळ ऑपरेटिंग सिस्टिमचं, म्हणजे विंडोजचं. सुरू होताना ती आरटीसीकडे बघून वेळ घेते आणि त्यानंतर प्रोसेसरच्या टायमरवर स्वतःच मोजत बसते. म्हणूनच तुमचं घड्याळ दिवसभर बरोबर चालतं. दिवसा मदरबोर्डवरच्या घड्याळाला कुणी फारसं विचारतच नाही.

रात्री भिंतीवरचं बटण बंद झालं की ते घड्याळ फक्त एका बटण-सेलवर जगतं. बहुतेक डेस्कटॉपमध्ये हा सेल सीआर २०३२ असतो. २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी, ३ व्होल्ट. नावातच माप आहे. आरटीसीला काही मायक्रोअँपिअर इतकाच प्रवाह लागतो, त्यामुळे सेल वर्षानुवर्षं पुरतो. मात्र प्लग चालू असेल तर शटडाउननंतरही पॉवर सप्लाय थोडी वीज देत राहतो आणि सेलवर भार पडत नाही. तुम्ही रोज भिंतीवरून बंद करता, म्हणून तुमच्या सेलला रोज रात्रपाळी. सवय चुकीची नाही, ती सोडू नका. सेल थोडा आधी संपला इतकंच.

'कधी कालची वेळ, कधी १ जानेवारी' हा तपशील तुम्ही दिलात ते फार बरं झालं. या एकाच आजाराच्या दोन पायऱ्या आहेत. सेल मरतुकडा होतो तेव्हा आधी स्फटिक थांबतो, पण शेवटचा आकडा मेमरीत तसाच राहतो. रात्री ११ ला बंद केला, सकाळी ७ ला सुरू केला, तर घड्याळ ११ वाजून २ मिनिटं दाखवतं; मधली रात्र झालीच नाही. सेल आणखी खाली गेला की मेमरीही पुसली जाते आणि बायोस (विंडोजच्या आधी चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) स्वतःची ठरलेली तारीख उचलतं. ती बहुधा तो बायोस जेव्हा तयार झाला त्या सुमाराची असते.

सेल गेला की घड्याळाबरोबर बायोसच्या सेटिंग का जातात, याचं उत्तर जुनं आहे. १९८१ च्या मूळ आयबीएम पीसीत असं घड्याळ नव्हतंच; सुरू केला की तो तारीख आणि वेळ तुम्हालाच विचारायचा. १९८४ च्या पीसी-एटीमध्ये मोटोरोलाची घड्याळाची चिप आली आणि तिच्यातच थोडी मेमरीही होती, जी सेलवर टिकायची. सेटिंग तिथे ठेवायची पद्धत तेव्हापासूनची. आज चिप बदलल्या आणि बऱ्याच सेटिंग फ्लॅशमध्ये (विजेशिवाय टिकणाऱ्या मेमरीत) गेल्या, तरी त्या जुन्या चिपच्या प्रकारावरून पडलेलं 'सीमॉस बॅटरी' हे नाव चिकटून राहिलंय. सुरू होताना काळ्या पडद्यावर 'सीमॉस चेकसम एरर' किंवा 'डेट-टाइम नॉट सेट' असं काही येऊन एफ१ दाबायला सांगत असेल, तर निदानावर शिक्कामोर्तब झालं.

तरीही सेल काढण्याआधी एक चाचणी कराच. वेळ नीट लावा. आज रात्री शटडाउन करा, पण भिंतीवरचं बटण चालू ठेवा. सकाळी सुरू करताना डिलीट किंवा एफ२ दाबत राहून थेट बायोसमध्ये जा आणि वेळ तिथे बघा. विंडोजमध्ये जाऊन बघू नका, कारण इंटरनेट मिळालं की विंडोज वेळ परस्पर सुधारू शकतं आणि तुम्हाला वाटतं सगळं ठीक आहे. बायोसमध्ये वेळ बरोबर असेल आणि बटण बंद ठेवलेल्या रात्रीनंतर चुकत असेल, तर सेलच. प्लग चालू ठेवूनही चुकत असेल, तर सेल बदलून फार फरक पडणार नाही, पुढे वाचा.

सेल बदलणं हे पाच मिनिटांचं काम आहे, पण त्याआधीची पाच मिनिटं जास्त महत्त्वाची. बायोसच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. विशेषतः बूट ऑर्डर (कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं), साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत, एएचसीआय की रेड) आणि सिक्युअर बूट. साटा मोड बदलला तर विंडोज निळा पडदा दाखवून सुरूच होणार नाही, आणि मग माणूस समजतो हार्ड डिस्क गेली. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की आधी हाताशी ठेवा. बायोसच्या सेटिंग बदलल्यात असं दिसलं की बिटलॉकर ती मागू शकतो, आणि की नसेल तर तुमचाच डेटा तुम्हाला मिळत नाही. घड्याळासाठी गेलेल्या माणसाचे फोटो जायचे, असं नको.

मग शटडाउन, प्लग काढा, पॉवर बटण पाच-दहा सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. सेल गोल चकतीसारखा चमकतो, शोधावा लागत नाही. ग्राफिक कार्डाच्या खाली दडला असेल तर ते आधी काढावं लागतं. बाजूची छोटी पत्ती नखाने किंवा प्लास्टिकच्या टोकाने बाहेरच्या बाजूला ढकलली की सेल टुणकन वर येतो. स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, तो निसटला की बोर्डावर ओरखडा ठरलेला. काढण्याआधी एक फोटो, म्हणजे अक्षरांची बाजू, म्हणजे प्लस, कुठे होती ते कळेल. आडव्या होल्डरमध्ये ती वर असते. उभ्या होल्डरमध्ये मात्र अंदाज चुकतो.

मल्टिमीटर असेल तर जुना सेल मोजा. नवा सेल ३ व्होल्टच्या थोडा वर असतो. २.८ च्या खाली असेल तर बदलाच. ३ दाखवला म्हणून लगेच निर्दोष सोडू नका, कारण लिथियमचा सेल रिकामा होईपर्यंत व्होल्टेज धरून ठेवतो आणि शेवटी एकदम कोसळतो. नवा सेल घेताना सीआर २०३२ च घ्या. सीआर २०२५ व्होल्टेजने सारखा पण पातळ असतो, होल्डरमध्ये सैल बसतो. एलआयआर २०३२ दिसायला जुळा भाऊ, पण तो चार्ज होणारा, जास्त व्होल्टेजचा आहे. तो इथे नको. सेल कडेने धरा. लहान मुलांनी तोंडात घालू नये म्हणून काहींवर कडू लेप असतो, तो फडक्याने पुसून घेतलेला बरा.

नवा सेल बसवल्यावर पहिल्यांदा पुन्हा बायोसमध्येच जा, फोटो बघून सेटिंग जुळवा आणि तारीख लावा. इथे एक खड्डा आहे. बऱ्याच बायोसमध्ये तारीख महिना-दिवस-वर्ष अशा क्रमाने असते. तुम्ही ५ एप्रिल समजून ४ मे लावून बसता आणि महिन्याच्या १२ तारखेपर्यंत काही शंकाही येत नाही, कारण दोन्ही आकडे चालतात. एफ१० ने सेव्ह करा, झालं.

लॅपटॉपची गोष्ट जरा वेगळी. काहींत हाच सेल काळ्या किंवा पिवळ्या वेष्टनात गुंडाळून वायरने जोडलेला असतो, तर काहींत वेगळा सेलच नसतो आणि आरटीसी मुख्य बॅटरीवरच चालतं. तिथे बॅटरी पूर्ण संपू दिली की वेळ जाते. उघडण्याआधी मॉडेलची सर्व्हिस पुस्तिका बघा. वायरवाला सेल साध्या सेलने बदलता येत नाही.

आता विंडोजच्या बाजूने. तुम्ही म्हणता की 'इंटरनेटवरून वेळ घ्या' चालू आहे, तरी सकाळी चुकीचीच वेळ असते. हे ऐकून बरेच जण विंडोजला शिव्या घालतात. कारण असं आहे: वेळ आणणारी सर्व्हिस, नाव विंडोज टाइम, फरक फार मोठा दिसला तर स्वतःच माघार घेते. घरगुती कॉम्प्युटरवर ही मर्यादा मुळात ५४,००० सेकंद, म्हणजे १५ तास असते. सेकंदा-मिनिटांची चूक ती निमूट दुरुस्त करते, पण सहा वर्षांचा फरक दिसला की तिला वाटतं सर्व्हरच चुकला असेल. तुम्ही 'सिंक नाऊ' दाबत राहिलात तरी काम होत नाही. उपाय सोपा: आधी तारीख हाताने लावा, वेळ अंदाजे चालेल, मग 'सिंक नाऊ' दाबा. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, त्यात डेट अँड टाइम. तिथेच टाइम झोनही बघून घ्या.

तारीख बरोबर करूनही सिंक होत नसेल, तर सर्व्हिसेसच्या यादीत जाऊन विंडोज टाइम चालू आहे का बघा. चालू असेल तर मोबाइलचा हॉटस्पॉट जोडून पुन्हा प्रयत्न करा. वेळ आणणारा प्रोटोकॉल, एनटीपी, यूडीपीच्या १२३ नंबरच्या पोर्टवर (नेटवर्कच्या एका ठरावीक दारातून) चालतो आणि काही राउटर-फायरवॉल तो अडवतात. हॉटस्पॉटवर चाललं तर कॉम्प्युटर सुटला, राउटर पकडा.

ब्राउझर का रुसतो तेही याच प्रश्नात येतं. प्रत्येक सुरक्षित साइटच्या सर्टिफिकेटवर, म्हणजे तिच्या ओळखपत्रावर, 'अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत' असं लिहिलेलं असतं. आजकाल बरीच सर्टिफिकेटं ९० दिवसांची असतात. तुमचा कॉम्प्युटर काही वर्षं मागे असेल तर त्याच्या दृष्टीने ते सर्टिफिकेट अजून जन्मालाच आलेलं नाही. क्रोम तर 'तुमचं घड्याळ मागे आहे' असं सरळ सांगतो, पण इशाऱ्याचा पडदा दिसला की तो मजकूर कुणी वाचत नाही. तिथे 'तरीही पुढे जा' दाबायची सवय लावून घेऊ नका, विशेषतः बँकेच्या साइटवर. लॉगिनसाठी कॉम्प्युटरवरच सहा आकडी कोड तयार करणारं ॲप असेल तर तेही अडतं, कारण तो कोड साधारणपणे दर ३० सेकंदांनी वेळेवरूनच ठरतो.

माझ्या मते मागे गेलेल्या घड्याळापेक्षा पुढे गेलेलं जास्त त्रास देतं. मागे गेलं तर साइट उघडत नाहीत, लगेच कळतं. पुढे गेलं तर त्या दिवशी सेव्ह केलेल्या फायलींवर भविष्यातली तारीख पडते, आणि घड्याळ सुधारल्यावर बॅकअपचं सॉफ्टवेअर तीच जुनी फाइल 'नवी' समजून खऱ्या नव्या फाइलला डावलू शकतं. घड्याळ पुढे गेलं होतं असं लक्षात आलं तर त्या काळातल्या फायली एकदा उघडून पुन्हा सेव्ह करा.

आता मी फसलो ती गोष्ट. एका ओळखीच्यांच्या मशीनवर घड्याळ सतत चुकायचं. मी सेल बदलला. आठवड्याने पुन्हा फोन. मला वाटलं सेल शिळा निघाला, दुसरा घातला. पुन्हा फोन. तिसऱ्या वेळी मी स्वतःचाच नियम पाळला आणि मिनिटांकडे बघितलं: मिनिटं अगदी बरोबर होती! चूक दर वेळी तेवढीच, आणि तीही फक्त मुलाने त्याच मशीनवर अभ्यासासाठी लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम) वापरल्यानंतरच्या सकाळी. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ, म्हणजे यूटीसी ठेवतं. विंडोज त्याच घड्याळात स्थानिक वेळ आहे असं धरतं. दोघं आळीपाळीने एकमेकांचं बिघडवतात. तुमचा टाइम झोन यूटीसीपासून जितका दूर, तेवढीच चूक: साडेपाच तासांचा झोन असेल तर साडेपाच तास (तिथे मिनिटंही नेमकी तीसने चुकतात), नऊचा असेल तर नऊ.

यावर दोन इलाज आहेत. लिनक्सला टाइमडेटसीटीएल या वेळेच्या साधनाच्या एका आज्ञेने सांगता येतं की आरटीसी स्थानिक वेळेवर आहे असं धर. किंवा विंडोजच्या रजिस्ट्रीत (आतल्या सेटिंगच्या साठ्यात), टाइम झोन इन्फर्मेशन या कप्प्यात, 'रिअल टाइम इज युनिव्हर्सल' या नावाची (शब्द जोडून) डीवर्ड, म्हणजे आकडा ठेवणारी, नोंद करून तिची किंमत १ ठेवायची. जिथे उन्हाळ्यात घड्याळ पुढे-मागे करत नाहीत तिथे मी पहिला इलाज करतो, कमी कटकट. जिथे करतात तिथे दुसराच करा, नाहीतर वर्षातून दोनदा दोन्ही सिस्टिम तास सरकवायला धावतील आणि एक तास जास्तीचा सरकेल.

उन्हाळी वेळेचा गोंधळ वेगळाही होतो. सरकारं नियम बदलतात. तुर्कस्तानने २०१६ मध्ये वर्षभर एकच वेळ ठेवायचं ठरवलं, मेक्सिकोने २०२२ मध्ये बहुतेक भागात ही पद्धत बंद केली. अपडेट बंद ठेवलेल्या विंडोजला हे कळत नाही आणि ते इमानाने जुन्या तारखेला तास सरकवतं. अशा वेळी घड्याळ नाही, अपडेट दुरुस्त करायचे. काही जण अपडेट न करता टाइम झोनच दुसऱ्या देशाचा लावून आकडे जुळवतात. तसं केलं की कॅलेंडरमधल्या मीटिंगा घसरतात.

रोज थोडं थोडं सरकणारं घड्याळ ही क्वचित येणारी तक्रार. स्फटिकाची चूक दहा लाखांत वीस भाग धरली तर दिवसाला पावणेदोन सेकंद, महिन्याला पन्नासेक सेकंद होते. तेवढं सरकणं हा दोष नाहीच. सिंक बंद आहे इतकाच त्याचा अर्थ. दिवसाला काही मिनिटं सरकत असेल तरच बोर्डावर संशय घ्या.

सेल नवा, लिनक्स नाही, तरी चालू असतानाच घड्याळ एकाएकी काही दिवस किंवा आठवडे उडी मारतं, असंही काहींना दिसलंय. विंडोजमध्ये २०१६ पासून एक सोय आहे, जी सुरक्षित साइटशी बोलताना मिळालेल्या वेळेवरून आपलं घड्याळ ताडून बघते. हेतू चांगला, पण काही सर्व्हर तिथे खरी वेळ पाठवतच नाहीत, त्यामुळे कधीकधी ती भलतीकडे जाते. रजिस्ट्रीत विंडोज टाइमच्या कॉन्फिग कप्प्यात 'यूटिलाइझ एसएसएल टाइम डेटा' ही नोंद ० केली आणि मशीन पुन्हा सुरू केलं की ती बंद होते. हे शेवटी करा, आधी नाही. त्याआधी घरात एक प्रश्न विचारा: कुणी एखाद्या सॉफ्टवेअरची ट्रायल वाढवायला तारीख मागे नेतंय का? हसू नका, हे कारण मला एकापेक्षा जास्त वेळा सापडलंय.

तुमच्यापुरतं सांगायचं तर आज रात्री प्लग चालू ठेवून चाचणी, उद्या सकाळी बायोसमध्ये नजर, मग सेल. नवा सेलही दोन-चार महिन्यांत संपला, तर मात्र बोर्डावर कुठेतरी वीज गळतेय. तेव्हा मदरबोर्डचा विषय निघेल. तो बदलायची घाई तरीही नको. प्लग कायम चालू ठेवून आणि सिंक चालू ठेवून असे बोर्ड वर्षानुवर्षं चालताना मी पाहिलेत.

आणि काढलेला सेल टेबलावर ठेवू नका. नेमका हा २० मिलिमीटरचा आकार लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकतो, आणि 'संपलेल्या' सेलमध्येही दोन तासांत आतून भाजण्याइतका जोर उरलेला असतो. दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा आणि ई-कचऱ्यात जाईपर्यंत उंच, बंद जागी ठेवा. मुलाने गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा.